घोडा फक्त खांद्यावर उरला

फ्रँकफर्टला येऊन मला सहा वर्षं झाली. विद्यापीठाच्या वेस्टएंड आवारातल्या त्या लांबलचक, किंचित बाकदार इमारतीवरून माझी रोजची वाट आहे. शीतयुद्धात अमेरिकेच्या पाचव्या कोअरचं, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेचं, मुख्यालय याच इमारतीत होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता: इथले अधिकारी ज्या सीमेकडे डोळे लावून बसायचे, ती एकदा बघून यायची.

गाडीने जेमतेम दीड तास. रास्डोर्फ आणि गाइसा या गावांमधल्या टेकडीवर 'पॉइंट अल्फा' आहे. तेव्हा टेकडीच्या एका अंगाला पश्चिम जर्मनी, दुसऱ्या अंगाला पूर्व. दोन्ही बाजूंचे टेहळणी मनोरे इतके जवळ, की दुर्बिणीतून समोरच्याने आज दाढी केलीय की नाही तेही कळावं. या भागातून फ्रँकफर्टकडे जी सखल वाट जाते, ती फुल्डा गॅप. रणगाडे आले तर इथूनच येणार, अशी नाटोची अटकळ होती. पलीकडे सोव्हिएतांची आठवी गार्ड्स सेना होतीच.

या वाटेवर पहारा द्यायला अमेरिकेने ठेवली होती चिलखती घोडदळाची रेजिमेंट. आधी चौदावी, १९७२ पासून अकरावी. दक्षिणेला बव्हेरियाच्या बाजूला दुसऱ्या क्रमांकाची रेजिमेंट, तिचं ठाणं न्यूरेंबर्गला.

घोडदळ म्हणायचं, पण घोडा एकही नाही. अमेरिकी सैन्याची घोड्यावरची शेवटची चढाई जानेवारी १९४२ मध्ये फिलिपिन्समध्ये झाली. पुढे तिथल्याच बातान द्वीपकल्पाच्या वेढ्यात उपासमार झाली, तेव्हा ते घोडे कापून खावे लागले. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. रेजिमेंटांची नावं मात्र टिकली. दुसरी १८३६ ची, तिसरी १८४६ ची, अकरावी १९०१ ची. घोडे गेले, रणगाडे आले, काम तेच राहिलं: सगळ्यांच्या पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते हुडकायचं, आणि मागचं सैन्य सज्ज होईतो त्याला अडवून धरायचं.

इथल्या नावांनी माझा चांगलाच गोंधळ उडाला. एरवी काही कंपन्या मिळून बटालियन, आणि काही बटालियन मिळून ब्रिगेड. भारतीय सैन्यात रणगाड्यांची रेजिमेंट म्हणजे बटालियनएवढी तुकडी, आणि स्क्वाड्रन म्हणजे कंपनीएवढी. अमेरिकी घोडदळात सगळंच एक पायरी वर. तिथे स्क्वाड्रन बटालियनएवढी, कंपनीएवढी तुकडी ती ट्रूप, आणि चिलखती घोडदळाची अख्खी रेजिमेंट ब्रिगेडच्या तोडीची.

मला खरी गंमत वाटली ती ट्रूपच्या रचनेची. एरवी सैन्यात रणगाडे वेगळे, पायदळ वेगळं, आणि लढाईच्या वेळी त्यांची मोट बांधायची. इथे १९८० च्या दशकाअखेरच्या एका ट्रूपमध्ये ९ एब्रॅम्स रणगाडे, टेहळ्यांच्या डझनभर ब्रॅडली चिलखती गाड्या आणि स्वतःच्या उखळी तोफा, सगळं कायमचं एकत्र. असे ३ ट्रूप, एक रणगाडा कंपनी आणि स्वतःचा तोफखाना मिळून स्क्वाड्रन. अशा ३ स्क्वाड्रन, शिवाय हेलिकॉप्टरांची चौथी. एवढा बारदाना कशाला? कारण पहिला मार यांनाच खायचा होता, आणि मदत येईपर्यंत दुसऱ्याकडे हात पसरायची सोय नव्हती.

सीमेवर गोळी झाडायची वेळ आलीच नाही. या रचनेचा कस लागला तो भलतीकडेच, इराकच्या वाळवंटात. २६ फेब्रुवारी १९९१ ला दुसऱ्या रेजिमेंटच्या ईगल ट्रूपची वाळूच्या वादळात सद्दामच्या खास फौजेशी, रिपब्लिकन गार्डशी, गाठ पडली. कॅप्टन होते एच. आर. मॅकमास्टर, जे पुढे ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. त्या भागात ओळखायला ना गाव, ना झाड, म्हणून नकाशावरच्या उभ्या रेषेवरून लढाईचं नाव पडलं, '७३ ईस्टिंग'. जर्मनीच्या धुक्यासाठी जमवलेली जुळणी वाळूत कामाला आली.

पॉइंट अल्फाच्या छावणीतल्या जुन्या बराकींमध्ये आता संग्रहालय आहे. तिथे एका गणवेशाच्या खांद्यावर लाल-पांढरा बिल्ला दिसला, आणि त्यावर पुढचे पाय उचललेला काळा घोडा. हाच अकराव्या रेजिमेंटचा 'ब्लॅकहॉर्स'. दुसरी आणि तिसरी रेजिमेंट पुढे चाकांच्या स्ट्रायकर चिलखती गाड्यांवर गेल्या. अकरावी १९९४ पासून कॅलिफोर्नियात, फोर्ट अर्विनच्या वाळवंटात आहे. सरावाला येणाऱ्या अमेरिकी तुकड्यांपुढे शत्रू म्हणून उभं राहणं हे तिचं काम. सुरुवातीची कित्येक वर्षं तो शत्रू सोव्हिएत धाटणीचा असे. म्हणजे फुल्डात ज्यांच्यावर डोळा ठेवला, त्यांचंच सोंग!

परतण्याआधी आम्ही पायवाटेने गाइसाच्या, म्हणजे एकेकाळच्या पूर्व जर्मनीच्या, बाजूला चक्कर मारून आलो. पासपोर्ट गाडीतच राहिले होते, हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं.