बाईंची जाळी

स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी दोन शब्द’ लिहून पाठवा, असं पत्र आलं. शाळेविषयी लिहायला बसलं की बाईच समोर येतात. संस्कृतच्या बाई म्हटल्यावर आपल्या शाळेत नाव सांगावं लागत नाही. इमारत, प्रार्थना, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. हे पान बाईंच्या कबुतरांना द्यायचं ठरवलं आहे.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आठवड्यावर आला की बाई आठवीला हितोपदेशातली चित्रग्रीव या कबुतरांच्या राजाची गोष्ट घेत. वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत जिथे तिथे दोरीला काच चढवणारे बसलेले, मुलांची बोटं चिकटपट्टीने बांधलेली, अशा दिवसांत. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गोदावरीकाठी सावरीचं मोठं झाड, पारध्याने विखुरलेले तांदूळ, वर पसरलेलं जाळं, त्यात अडकलेली कबुतरं, जाळ्यासकट उड्डाण आणि शेवटी जाळं कुरतडणारा मित्र हिरण्यक उंदीर. तात्पर्य विचारलं की वर्ग एका सुरात ‘एकी हेच बळ’ म्हणे. ते ऐकून बाई खडू खाली ठेवत. ‘एकीनेच तर ती सगळी तांदळावर उतरली होती,’ म्हणत.

त्यांचं सगळं शिकवणं या एका वाक्यातून निघे. एकत्र असणं हा गोष्टीचा मधला टप्पा आहे. त्याच्या आधी काय चुकलं आणि नंतर कुणी काय केलं, ते क्रमाने पाहा, असा त्यांचा आग्रह. चित्रग्रीवाला शंका आली होती. निर्जन रानात तांदूळ कुठून आले, हे त्याने बोलून दाखवलं. मग सावध करायला त्याने म्हाताऱ्या वाघाची आणि सोन्याच्या कंकणाची अख्खी गोष्ट सांगितली. बाई म्हणत, तांदूळ खाली दिसत होते आणि इशारा लांबला. इशारा एका श्वासात सांगता आला पाहिजे. ज्या कबुतराने त्याला विरोध केला तेही मूर्ख नव्हतं. शंकाच घेत बसलं तर खायचं काय आणि जगायचं कसं, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, हे त्या आवर्जून दाखवत. विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पुन्हा मांडता येईना, तर भांडणात पडायचं नाही, हा आठवीच्या वर्गाचा नियमच होता.

जाळ्यात पडल्यावर सगळी कबुतरं त्या एकावर तुटून पडतात. चित्रग्रीव त्यांना थांबवतो. संकटात गोंधळून जाणं हे भेकडाचं लक्षण, धीर धरून उपाय शोधा, असं सांगतो. बाई इथे फळ्यावर दोन रकाने आखत, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. चूक कुणाची हा प्रश्न ‘नंतर’खाली जाई. तो पुसला जात नसे, हे महत्त्वाचं. तास संपायच्या आधी त्या रकान्याकडे परत यावंच लागे. नाही तर माणूस मनात धरून बसतो आणि पुढच्या वेळी दोरी सोडतो, असं त्या म्हणत.

मग याच प्रसंगातला श्लोक येई: ‘अल्पानामपि वस्तूनां संहतिः कार्यसाधिका । तृणैर्गुणत्वमापन्नैर्बध्यन्ते मत्तदन्तिनः॥’ गवताने माजलेला हत्ती बांधला जातो, एवढ्या अर्थावर बाई थांबत नसत. ‘गुणत्वमापन्नैः’ या शब्दावर अर्धा तास जाई. गुण म्हणजे दोरीही. गवताचा भारा हत्तीवर टाकला तर हत्ती तो खाईल. त्याची दोरी व्हावी लागते. बाई सुंभ आणून उलगडून दाखवत: काड्या एका दिशेने पिळल्या आहेत आणि तसे दोन पदर एकमेकांवर उलट दिशेने वळले आहेत. पदर सुटायला बघतो तसा दुसरा त्याला आवळतो. दोन्ही पीळ एकाच दिशेचे दिले तर हात सोडताच सगळं उकलतं. मतभेद असलेली दोन माणसं एका कामावर का ठेवायची, याचं इतकं स्वच्छ उत्तर पुढे कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही.

आणि मग मैदान. व्हॉलीबॉलची जुनी जाळी, साडेनऊ मीटर लांब, एक मीटर रुंद. प्रत्येक लांब बाजूला आठ जण, टोकांना दोघे, मध्ये लाकडी पाट आणि पाटावर काठोकाठ भरलेला तांब्या. लिंबाच्या झाडापासून नळापर्यंत न्यायचा. पहिल्या फेरीत कुणी नायक नसे. जो आधी उचले त्याची बाजू वर जाई आणि तांब्या उशिरा उचलणाऱ्यांच्या अंगावर येई. दुसऱ्या फेरीत बाई मुद्दाम दोघांना आकडे म्हणायला लावत. तेव्हा जाळी मधोमध पिळली जाई, कारण अर्धी मुलं ‘दोन’वर आणि अर्धी ‘तीन’वर उठत. तिसऱ्या फेरीत आवाज एकाचाच. तरी पाणी सांडेच, आणि खरा धडा तिथून सुरू होई.

लांब जाळी मध्ये झोळते. बाजूच्या मुलांनी कितीही उंच धरली तरी टोकाच्या दोघांनी मागे रेलून ताण दिल्याशिवाय मधला झोळ कमी होत नाही. म्हणून जड अंगाची मुलं टोकांना. बाजूंना समोरासमोर सारख्या उंचीची जोडी हवी. उंच मुलं मैत्रीखातर एका बाजूला उभी राहिली की उतार ठरलेला. वळताना बाहेरच्या रांगेला जास्त अंतर तोडावं लागतं, म्हणून आतल्यांनी जागच्या जागी पावलं टाकायची. ते पुढे सरकले की तांब्या आडवा. नायकाने जाळीला हात लावायचा नाही. त्याने पाण्याकडे बघत उलटं चालायचं. हात लावला की त्याला आपल्या कोपऱ्यापलीकडे काही दिसत नाही.

पारध्याला हेच ठाऊक होतं. तो मागे धावत राहिला ते कबुतरं खाली यायची वाट बघत. पंचतंत्रात, म्हणजे याच गोष्टीच्या जुन्या रूपात, तर तो स्पष्टच म्हणतो की, ही भांडू लागली की पडतील. बाई विचारत, ‘आपल्या भांडणाची वाट कोण बघतंय, हे काम सुरू करायच्या आधी लिहिलंत का?’

एका वर्षीचा प्रसंग त्या वर्गातला कुणीच विसरलेला नाही. हितोपदेशात हिरण्यक गंडकीकाठी चित्रवनात राहतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने नकाशाचं पुस्तक उघडलं, पट्टी लावली आणि उभा राहिला. ‘बाई, गोदावरीपासून गंडकी शेकडो किलोमीटर आहे. जाळं घेऊन कबुतरं एवढी कशी जातील?’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी हातात घेऊन अंतर स्वतः मोजलं. मग म्हणाल्या, ‘बस बाळ. बरोबर आहे तुझं.’ आणि सगळ्यांना वही काढायला लावली. टपाली कबुतर ताशी साठ-सत्तर किलोमीटर उडतं, ओझं असेल तर निम्मं धरा. जाळ्यात पाय अडकलेलं कबुतर फांदीवर टेकू शकत नाही, तेव्हा मुक्काम नाही. पाणी कुठे? आधी कोण थकेल? थकलेल्याच्या वाटचं वजन शेजारच्या दोघांवर पडेल, मग त्यांना किती वेळाने आत घ्यायचं? पूर्ण तास त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी याच गोष्टीचा पंचतंत्रातला पाठ आणला. त्यात झाड वडाचं, महिलारोप्य नगराजवळचं, आणि हिरण्यकही त्याच नगराच्या ईशान्येला राहणारा. म्हणजे जुन्या गोष्टीत अंतर आवाक्यातलं होतं. आपल्या गावच्या प्राच्यविद्या मंदिरात रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिथे पंडितांनी वेगवेगळे पाठ ताडून पानापानावर जे केलं ते एका पट्टीने आठवीच्या मुलाने केलं, असं बाई म्हणाल्या. त्या मुलाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. शिवाय दोन्ही पाठांत एक गोष्ट सारखी असल्याचं त्यांनी दाखवलं: कुठे जायचं हे पारधी मागे फिरल्यावर ठरतं. आधी धोक्यातून उठायचं, मग मुक्कामाचं ठिकाण. जमिनीवरच पत्ता ठरवत बसली असती तर पारधी पोचला असता.

हिरण्यकाचा भाग त्या सुतळीने करून घेत. सोळा मनगटं जाळीला सैल सरकगाठीने बांधायची आणि एकाने सोडवायची. एका गाठीला वीस सेकंद धरले तरी पाच मिनिटांवर वेळ जातो. सुटलेलं पोर उठून पळालं की जाळी बाकीच्यांच्या हाताला काचते, म्हणून सुटलेल्याने तिथेच बसायचं. हिरण्यक चित्रग्रीवाला सरळ सांगतो की माझे दात नाजूक आहेत, आधी तुझा पाश कापतो, मग जमेल तेवढे इतरांचे. आपली कुवत आधी सांगणारा मित्र म्हणून बाईंना तो फार प्रिय. चित्रग्रीव मात्र आधी माझ्या लोकांचे पाश तोड म्हणतो. नायक सुटून गेला असता तर उरलेल्यांनी पाच मिनिटं शांत बसायचं कुणाच्या भरवशावर?

त्याच तासाला मांज्यात अडकलेल्या पक्ष्याचं सांगून होई. दोरी ओढायची नाही. पंखाजवळ आणि दूर, अशी दोन्हीकडे कातरीने कापायची. मांसात रुतलेला तुकडा तसाच ठेवायचा. सुती फडकं अंगावर टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं, चोचीत पाणी ओतायचं नाही आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. पक्षी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उडतात, तेव्हा अगाशीवर पतंग नको. आता जानेवारीत जखमी पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान निघतं, फलक लागतात. तेव्हा वर्गातली खोकी होती.

शेवटची तासिका कासवाची. पंचतंत्रात या चौकडीतलं हरिण फाशात सापडतं, उंदीर त्याला सोडवतो, पण मंथरक कासव काळजीपोटी पाणी सोडून येतं आणि स्वतःच पकडलं जातं. मदतीला कुणी जायचं नाही हेही ठरवावं लागतं, हे इथेच कळे. सुटकेसाठी बाई फळ्यावर पाच रकाने करत: कोण, कुठे, कोणत्या खुणेवर, त्याआधी काय झालेलं असावं, फसलं तर काय. हरणाने मेल्यासारखं पडायचं, कावळ्याने वर बसून चोच मारायची, पारधी कासव खाली ठेवून हरणाकडे गेला की उंदराने दोरी कापायची. हरणाची जागा पाण्याजवळच का? कासव सर्वात सावकाश चालतं, म्हणून सगळी योजना त्याच्या पायांच्या वेगावर बेतलेली आहे. कासव पाण्यात गेल्याशिवाय हरणाने उठायचं नाही. ‘फसलं तर’ हा रकाना रिकामा ठेवलेली वही बाई तपासत नसत.

ते रकाने आज वडोदऱ्याच्या आसपासच्या कारखान्यांत देखभालीच्या कामांवर, शस्त्रक्रियागृहात, गणपती विसर्जनाच्या नियोजनात, बाईंच्या मुलांच्या हातून आखले जातात. भेटलं की ती मुलं आपापलं यश सांगतात आणि मग हळूच विचारतात, बाईंचा पाठ अजून होतो का? होत नाही. गोष्ट आता भिंतीवर रंगीत चित्रात आहे आणि खाली नेमकं तेच तात्पर्य लिहिलं आहे, जे ऐकून बाई खडू खाली ठेवत. हे बघून पोटात तुटतं. चित्र सुंदर आहे, पण त्यात कुणी दोरीला हात लावत नाही.

जाळी मात्र आहे. क्रीडासाहित्याच्या कपाटात सर्वात खालच्या कप्प्यात, दोन ठिकाणी निळ्या दोरीने बाईंनी स्वतः सांधलेली. ज्या शिक्षकांना पुन्हा करून बघायचं असेल त्यांच्यासाठी: सांधलेली बाजू साधारण वीतभर आखूड झाली आहे, म्हणून पाट मधोमध ठेवू नका, त्या बाजूपासून हातभर लांब ठेवा आणि त्या टोकाला जरा कमी वजनाचं मूल उभं करा. पहिल्या फेरीत तांब्या पितळी नको, स्टीलचा घ्या, तो पडणारच.