तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रिप्टिंगचं कुठलं पुस्तक घेऊ?

सपोर्टमधून सर्व्हर टीममध्ये आलेली पोरं हमखास विचारतात, सर, स्क्रिप्टिंग (कमांड फाइलमध्ये लिहून कामं आपोआप करून घेणं) शिकायचंय, कुठलं पुस्तक घेऊ? मी आधी विचारतो, रोज बसतोस कशावर, विंडोज की लिनक्स? कारण लिनक्सवरच्या बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून पुढच्या कमांडकडे, जातो तो नुसता मजकूर, त्यामुळे ग्रेप, सेड, ऑक या मजकूर शोधायच्या-बदलायच्या कमांडवर हात बसवावाच लागतो, आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये जातात ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येक भागाला नाव असलेली माहिती, तिथे कॉलम मोजत बसायची गरज नसते. एकाचं पुस्तक वाचून दुसरं येत नाही.

लिनक्सवर असाल तर विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' वाचा, पीडीएफ लेखकानेच फुकट ठेवलीय त्यामुळे खिशाचा प्रश्नच नाही. स्क्रिप्ट लिहिणं त्यात शेवटच्या भागात येतं, आधी फाइली, परमिशन, रिडायरेक्शन, प्रोसेस सगळं हाताने टाइप करायला लावतात, आणि मला हाच क्रम बरोबर वाटतो.

बॅशचं बाकी कुठलंही पुस्तक उचललंत तर आधी कोटिंगचा, म्हणजे अवतरणचिन्हं लावण्याचा, धडा उघडा. व्हेरिएबलला डबल कोट का लावायचे हे त्यात नीट सांगितलं नसेल तर ठेवून द्या. मी हे एवढं ताणून सांगतो कारण पहिल्या नोकरीत माझ्या एका स्क्रिप्टला 'मार्च जुनं' नावाचा फोल्डर डिलीट करायचा होता, मी कोट लावले नव्हते, शेलने त्या नावाचे दोन शब्द केले आणि शेजारचा 'मार्च' हा चालू फोल्डर उडाला. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण पूर्ण रात्र त्यात गेली, आणि मी ज्या पुस्तकावरून शिकलो होतो त्यात कोटबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर बॅशची बिनधास्त घ्या, बॅश 1989 पासूनचं आहे आणि मूळ गोष्टी फारशा बदललेल्या नाहीत. पॉवरशेलचं मात्र साल बघूनच घ्या, ते 2016 मध्ये ओपन सोर्स झालं, लिनक्सवरही आलं, आणि त्याआधीच्या पुस्तकात फक्त विंडोजच भेटणार.

तीन-तीन पुस्तकं एकदम नका घेऊ. एकच घ्या, धडा झाला की आपल्याच सर्व्हरवरचं एखादं रोजचं काम, डिस्क किती भरली ते बघण्यासारखं, स्क्रिप्टमध्ये लिहा आणि स्क्रिप्ट बॅशची असेल तर शेलचेक या चुका शोधणाऱ्या टूलमधून काढा, फुकट आहे, राहिलेले कोट ओळ नंबरासकट दाखवतं.