रशियन उमगली ती तिच्या इतिहासातून

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि एमएसाठी दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्हॉनिक आणि फिनो-उग्रियन विभागात गेले. स्लाव्हॉनिक किंवा स्लाव्हिक हे रशियनचं भाषाकुळ. लोक पहिल्यांदा विचारतात ते सहा विभक्त्यांबद्दल. त्यांना घाबरू नका. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलेल्याला ती जात ओळखीची असते. उच्चारातही मराठीचा फायदा होतो. 'चमचा'तला च रशियनमध्ये आहे. हिंदीभाषक मैत्रिणींना तो मुद्दाम घटवावा लागला.

दमछाक केली ती क्रियापदांनी. बहुतेक क्रियापदं जोडीने येतात. 'चितात्' म्हणजे वाचत असणं किंवा एरवी वाचणं, 'प्रचितात्' म्हणजे वाचून संपवणं. आपलं 'वाचत होते' आणि 'वाचून काढलं' थोडं जवळ जातं, पण नकारार्थी आज्ञा आली की हा आधार सुटतो. 'जाणे' तर विचारूच नका: पायी की वाहनाने, एका दिशेने की जाऊन-येऊन? मी सुटे शब्द पाठ करणं बंद केलं. प्रत्येक जोडी अख्ख्या वाक्यांसकट वहीत उतरवायची, मग चेखवची एखादी छोटी कथा घेऊन प्रत्येक क्रियापदापाशी थांबायचं: इथे हेच का, त्याचा जोडीदार का नाही? वेळ फार जातो, पण याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही.

बरेच जण भाषेच्या इतिहासाला कंटाळतात. मला तोच विषय सर्वांत जास्त देऊन गेला. 'सोन' म्हणजे झोप, पण षष्ठीत 'स्ना'. मधला स्वर गेला कुठे? जुन्या स्लाव्हिकमध्ये तिथे 'येर' नावाचा अतिऱ्हस्व स्वर होता. शब्दातल्या जागेप्रमाणे तो कुठे गळला, कुठे पूर्ण स्वर झाला. कारणं वेगळी असतील, पण 'कापूस-कापसाचा' बोलणाऱ्या माझ्या कानाला ते लगेच पटलं. ८६३ साली मध्य युरोपातल्या मोरावियाला निघालेल्या सिरिल आणि मेथोडियस या भावांनी धर्मग्रंथांसाठी घडवलेली भाषा वाचताना असे किती तरी 'अपवाद' नियमात बसले.

मग बल्गेरियन घेतली. तिथे नामांच्या विभक्त्या जवळजवळ गेल्या आहेत आणि निश्चितता नामाच्या शेवटी चिकटते: 'क्निगा' पुस्तक, 'क्निगाता' ते पुस्तक. भूतकाळाची जी जुनी रूपं रशियनने टाकली, ती मात्र हिने जपली. म्हणून दुसरी भाषा स्लाव्हिकच्या वेगळ्या शाखेतली घ्या, असं मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. रशियन पूर्वेची, बल्गेरियन दक्षिणेची. पश्चिम शाखेसाठी सध्या मी पोलिश शिकते आहे, आणि तिच्यात विभक्त्या सात आहेत.