डब्याची झोप

दुपारी दोन ते चार मला फोन करायचा नाही, हे कोकणातल्या आमच्या केळशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोस्टमनसुद्धा पाकीट ओटीवर ठेवतो, त्यावर एक दगड ठेवतो आणि सायकल हातात धरून फाटकापर्यंत चालत जातो. म्हणून गेल्या पौषात एका दुपारी तीनला फोन वाजला तेव्हा पोटात गोळाच आला. धाकटी बहीण होती. ती व्हर्जिनियात असते. आपले दुपारचे तीन म्हणजे तिच्याकडे पहाटेचे साडेचार. अशा वेळी माणूस फोन करतो तो एक तर दवाखान्यातून, नाहीतर पोलीस ठाण्यातून.

"दादा, लाइट गेलीय."

मी वर बघितलं. पंखा फिरत होता. आमच्याकडे लाइट आहे आणि अमेरिकेत नाही, असा योग साठीपर्यंत कधी आला नव्हता. थोडा वेळ मी त्या सुखातच होतो. "वायरमनला कळवलंस का?" हेही विचारून घेतलं.

"चेष्टा करू नकोस. बर्फाने झाडं तारांवर पडलीत. घर गार पडत चाललंय. डब्याचं काय करू?"

डब्या म्हणजे तिचं कासव. तिकडच्या रानात असतं ते, जमिनीवरचं, दोन तळहातांत मावेल एवढं. पाठ घुमटासारखी उंच आणि तिच्यावर कोणीतरी पिवळ्या रंगात ब्रश झटकावा तशा रेघा. नर आहे, म्हणून डोळे लाल. याच्या पोटाखालच्या कवचाला मधोमध बिजागरी असते. भ्यालं की मान, पाय, शेपूट सगळं आत ओढून पुढचं आणि मागचं अशी दोन्ही झाकणं लावून घेतं. आईचा फराळाचा पितळी डबाही इतका घट्ट बसत नाही. त्यात निदान मुंग्या तरी शिरतात. तिकडे त्याला पेटी-कासव अशा अर्थाचंच नाव आहे. आमच्या घरात त्याचा डब्या व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे काही तिने हौसेने आणलेलं नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ घर विकून मुलाकडे राहायला निघाले आणि जाताना कुंड्या, बागेतली खुर्ची आणि हे कासव तिच्या दारात ठेवून गेले. त्यांनाही ते आणखी कोणाकडून मिळालेलं. वय कोणाला माहीत नाही. ही जात पन्नास वर्षं सहज काढते, एखादं शंभरी गाठतं. म्हणजे डब्या तिच्यापेक्षा मोठा असू शकतो. त्याला अहो-जाहो करावं की काय, असा प्रश्न मला एकदा पडला होता.

रानात असता तर थंडी सुरू झाल्यावर पाचोळ्याखालची माती उकरून तो आत गेला असता आणि थेट वसंतात वर आला असता. पण आला तेव्हाच तो रोडका होता, डोळे सुजलेले. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं की या अंगाने झोपला तर उठेलच असं नाही, हा हिवाळा त्याला घरात जागा ठेवा. तेव्हापासून धाकटीच्या दिवाणखान्यात पलंगाएवढी लाकडी पेटी आहे. एका कोपऱ्यावर दिवा, त्याखाली 30 अंश. दुसरा कोपरा 21-22 अंशांचा, सावलीचा. उन्हाची उणीव भरून काढणारी वेगळी नळी रोज 12 तास. पसरट भांड्यात कोमट पाणी. जेवायला गांडुळं, अळंबी, स्ट्रॉबेरी, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. आणि त्याला रुतून बसायला खाली काय, तर नारळाच्या काथ्याचा भुसा! विटेसारखा दाबलेला मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो. पहिल्यांदा तिने वीट दाखवली तेव्हा मी किंमत विचारली आणि मग आमच्या मागीलदारी पडलेल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगाकडे बघून हिशेब करत बसलो. तो आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर उद्या सकाळी ढीग जागेवर राहायचा नाही.

"एका रात्रीत काही होत नाही गं त्याला," मी म्हटलं. कासवांबद्दल मला काय कळतंय? पण थोरल्या भावाला असं म्हणावंच लागतं.

"एका रात्रीचं नाहीच. लाइट चार दिवस आली नाही तर?" आणि मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कासवाला पुरती थंडी चालते. 10 अंशांच्या खाली गेलं की शरीरातलं सगळं मंदावतं, झोपलेल्याला खायला लागतच नाही. पुरती ऊबही चालते. घात करते ती मधली हवा, 15 अंशांच्या आसपासची. तेवढ्यात धड झोपही लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. अंगावरची चरबी तेवढी जळत राहते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झोपलंय बिचारं.

आता ही मधली हवा म्हणजे आमचा हिवाळाच. सकाळी सहाला कानटोपी, अकराला बनियन. धड थंडी नाही, धड उकाडा नाही. कलमांचंसुद्धा महिनाभर ठरत नसतं. गारवा टिकला तर मोहोर काढतात, नाही टिकला तर लाल पालवी फोडून मोकळी होतात आणि मालक दिसेल त्याच्याजवळ रडत फिरतो. आणि माझी ती दोन ते चारची झोप? तिच्यासाठी मी एवढा गावाशी वाकडेपणा घेतलाय, पण खरं सांगायचं तर ती लागत नाही. पडून असतो. रिक्षा कोणाची गेली ते कळतं, आई स्वयंपाकघरात कुठला डबा उघडते तेही कळतं. उठल्यावर अंग जड. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो.

असो. आईला फोन स्पीकरवर लावलेला लागतो. तिने माजघरातून सगळं ऐकलं होतंच.

"अगो, गॅस आहे ना?"

"आहे. काडीने पेटतोय."

"मग पाणी तापव, बाटल्या भर, फडक्यात गुंडाळून त्याच्या कडेला ठेव. अगदी चिकटवून नको हो, भाजेल. आणि पेटीवर गोधडी घाल. मी दिलेली."

"ती? ती घाण झाली तर?"

"धुवायची."

धाकटीला हे सांगावं लागतंय याचं मला हसू आलं. हे उद्योग तिने आम्हाला शिकवलेत.

आमच्या विहिरीत कासव होतं. आजोबांनी सोडलेलं; पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून पूर्वी बऱ्याच घरी सोडायचे. आज असं कासव पाळलं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आमचं हिरवट, चपटं, ताटलीएवढं होतं. कठड्यावरून भाताची शितं टाकली की खालून एक सावली वर यायची, सावलीला नाक फुटायचं आणि शीत नाहीसं व्हायचं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. जेवणातली चार शितं मुठीत लपवून ती विहिरीवर न्यायची. एका पौषात आठ दिवस कासव वर आलंच नाही. ही रोज शितं टाकते, मासे खातात. "गारठ्याने तळाला बसलं असेल," असं बाबांनी सांगितलं, आणि गारठलंय म्हणजे काहीतरी केलं पाहिजे असं हिने ठरवलं.

मग एका संध्याकाळी ते पोहऱ्यातून वर आलं. हे आपोआप झालं की हिने तासभर पोहरा खालीवर केला, त्याची साक्ष द्यायला मी तिथे नव्हतो. कोणाला न सांगता तिने ते न्हाणीघरात नेलं, चुलीच्या उबेला घंगाळात ठेवलं, वर गोणपाट घातलं आणि शहाण्यासारखी जेवायला येऊन बसली. पहाटे आजी पाणी तापवायला उठली तर घंगाळ आडवं आणि गोणपाट दारात. धाकटीने जो भोकाड पसरला त्याने सगळी आळी जागी झाली. आम्ही कंदील घेऊन घर पालथं घातलं. माजघर, कोठीची खोली, देव्हाऱ्याखाली, उखळामागे. बाबा तर गोठ्यात वैरण उलटीपालटी करून आले. शेवटी आजी चुलीत घालायला सोडणं काढायला गेली आणि ढिगातलं एक सोडण तिच्या हातात चालायला लागलं.

ढिगात पार आत शिरून बसलं होतं. पाठीला काथ्या चिकटलेला, मान आत. आजीने त्याला दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं (देवळात गाभाऱ्यासमोर असतं ना दगडाचं, तोच नमस्कार) आणि नातीला पाठीत एक धपाटा घातला. या दोन्ही गोष्टी एकाच दमात. ऊन वर आल्यावर त्याला पोहऱ्यात बसवून परत खाली सोडलं. पोहरा कलंडला तेव्हा आवाजही झाला नाही.

पन्नास वर्षांनी तीच मुलगी नारळाच्या भुशावर कासव ठेवून पहाटे साडेचारला जागी आहे, हे मला आत्ता लिहिताना सुचलं. तेव्हा फोनवर सुचलं असतं तर सांगितलं असतं.

कासव म्हटलं की हल्ली आमच्या भागात लोकांना एकच आठवतं. पाहुणे आले की दुसऱ्या वाक्याला वेळास निघतं. निघावंच, तिथल्या किनाऱ्यावर 2002 पासून समुद्री कासवांची अंडी जपायचं काम चाललंय. सकाळी अंड्यांवरची टोपली उचलली की तळहातावर मावतील एवढी पिल्लं खुरडत समुद्राकडे निघतात, ते बघून माझ्यासारख्याचाही घसा भरून येतो. पण ती कासवं आपली समुद्राची. मादी रात्री वर येते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते ती जातेच. पिल्लं नर होणार की मादी, ते वाळू किती तापली त्यावर. आईचा संबंध तिथे संपला. आणि आपल्या संतांनी मात्र लिहून ठेवलंय की कासवी पिलांना जवळ घेत नाही, पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. कोणत्या किनाऱ्यावर बघितलं असेल त्यांनी?

फोनवर बाटल्या भरून झाल्या. गोधडी आली. मग आईने विचारलं, "अगो, एवढं करतेस त्यापेक्षा उन्हाळ्यात त्याला त्याच्या रानात सोडून का देत नाहीस?"

"कुठलं रान ते माहीत नाही ना, आई. ही कासवं जन्मभर आपल्या दोनेकशे मीटरच्या टापूतच राहतात. दुसरीकडे सोडलं तर तिथे रुजत नाहीत. जुनी जागा शोधत फिरत राहतात. रस्ते ओलांडतात, गाड्यांखाली येतात."

"किती दिवस?"

"वर्षंसुद्धा."

पंख्याचा आवाज येत होता. तिकडे बहुतेक मेणबत्ती होती, तिच्या चेहऱ्याची एकच बाजू दिसत होती.

"मग राहू दे घरात," आई म्हणाली. "खायला घाल व्यवस्थित."

संध्याकाळी मी उगाच विहिरीवर जाऊन आलो. पंप बसल्यापासून वर जाळी आहे, जाळीवर फणसाची पानं. आत अंधार. घरातून शितं नेली होती ती टाकली. मासे आले.

रात्री साडेनऊला फोटो आला. लाइट आली होती. डब्या पेटीबाहेर, जमिनीवर घडी घातलेल्या गोधडीवर मान वर काढून उभा, तोंडाला स्ट्रॉबेरी. मी फोन आईकडे दिला. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांपाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं कासव बघतेय.

"कडेचे टाके उसवलेत," ती म्हणाली. "येताना घेऊन ये म्हणावं, घालून देते. कधी येणार ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.