विश्लेषण पहिल्या मुलाखतीच्या संध्याकाळीच सुरू करा

पुण्यात एम.एस.डब्ल्यू. किंवा समाजशास्त्राचा प्रबंध करणारे बरेच विद्यार्थी आधी सगळ्या मुलाखती उरकतात आणि मग विश्लेषणाला बसतात. तोवर वस्तीत पुन्हा जाऊन विचारायची संधी गेलेली असते. पहिली मुलाखत वाचून दुसरीचे प्रश्न सुधारायचे असतात, म्हणून हे काम मागे ठेवून चालत नाही.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला साधारण चार ते सहा तास लागतात, गटचर्चेला त्याहून जास्त. थांबणं, हसणं, "जाऊ द्या ताई" हे सगळं जसंच्या तसं लिहा. बोली प्रमाण भाषेत सुधारू नका आणि कोडिंग (उताऱ्यांना त्यांचा अर्थ सांगणारी छोटी नावं देणं) होईपर्यंत मजकूर इंग्रजीत नेऊ नका. ओळींना क्रमांक द्या, उजवीकडे रुंद समास सोडा. बदललेल्या नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवा.

खरी गडबड कोडिंगमध्ये होते. समजा, कोथरूडमध्ये घरकाम करणाऱ्या एक ताई म्हणतात, "सुट्टीचा पगार कापत नाहीत हो, पण दुसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीग तसाच असतो." याला 'सुट्टी' असा कोड दिला तर विषय कळतो, पण काय घडतंय ते हरवतं. 'सुट्टीच्या दिवसाचं काम साठवून ठेवणं' हा कोड ते पकडतो. दुसऱ्या ताई म्हणतात, "मी आदल्या दिवशीच जास्तीचं करून येते." दोन्ही उतारे शेजारी ठेवले की विधान दिसू लागतं: सुट्टी मिळते, पण काम माफ होत नाही. थीम, म्हणजे अनेक उताऱ्यांतून निघणारं असं विधान, अशी असावी, जिच्याशी कुणाला असहमत होता येईल. 'सुट्टी आणि पगार' हे नुसतं प्रकरणाचं शीर्षक झालं.

मग मुद्दाम उलटं उदाहरण शोधा. एखाद्या घरात त्या दिवशीची भांडी घरचेच घासत असतील, तर तिथे वेगळं काय आहे? आणि त्या "कापत नाहीत हो"कडेही बघा. मालकिणीची बाजू का घेतली गेली? मुलाखत तिच्याच स्वयंपाकघरात झाली का? असे प्रश्न लगेच मेमोमध्ये, म्हणजे विश्लेषण करताना स्वतःसाठी ठेवलेल्या टिपणांत, तारीख टाकून लिहावेत. महिन्याभराने ते आठवत नाहीत.

तीन-चार मुलाखतींनंतर कोडची वही करा: नाव, अर्थ, कुठे लावायचा, कुठे नाही, एक नमुना उतारा. दोघांनी तोच मजकूर एकमेकांना न विचारता कोड करून पाहिला की धूसर व्याख्या लगेच उघड्या पडतात. व्याख्या बदलली, तर जुन्या मुलाखतींवरून पुन्हा हात फिरवावाच लागतो. ब्रॉन आणि क्लार्क या संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेले थीम शोधण्याचे सहा टप्पे म्हणूनच सरळ जिना समजू नयेत. मागे जाणं त्यात गृहीतच आहे.

'बारा मुलाखती पुरतात' हेही सरसकट सांगितलं जातं. तो आकडा 2006 च्याच एका अभ्यासातून आला. घाना आणि नायजेरियातल्या बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या 60 स्त्रियांच्या त्या मुलाखती होत्या, सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारलेले. तुमच्या गटात पूर्णवेळ काम करणाऱ्या, पाच घरं धरणाऱ्या आणि फक्त पोळ्या करणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या बायका असतील, तर प्रत्येक प्रकारात नवं काही येणं थांबलंय का ते वेगळं तपासा.

निवडून घेतलेल्या 15 जणींवरून '60 टक्के महिलांना वाटते' असं मात्र लिहू नये. त्या साऱ्या घरकामगारांच्या प्रातिनिधिक नाहीत, आणि जिला तो प्रश्न विचारलाच नाही तिचं मौन नकारात मोजलं जातं.