वीस काडतुसं पुन्हा उघडली

रविवार, ऐरोली

गणपती गेले, पाऊस मात्र जायचं नाव घेत नाही. सकाळी साडेसातला बंडूचा व्हिडिओ कॉल. मोंटानात तेव्हा शनिवारची रात्र. आई पोहे परतत होती, फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेला. "काय करतोयस रे?" तर म्हणे, "दारू मोजतोय." आईचा झारा हवेतच थांबला. बंदुकीची दारू, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली.

ऑक्टोबरअखेरीस तिकडे शिकारीचा हंगाम सुरू होतो. बंडू आपल्या .308 रायफलची काडतुसं घरीच भरतो. इथे परवान्याशिवाय असं काही केलं तर 1959 चा शस्त्र कायदा थेट दारात. तिकडे हा लोकांचा रविवारचा छंद.

बोलता बोलता सहज म्हणाला, "नेहमीचे प्रायमर मिळाले नाहीत ताई, मॅग्नम मिळाले. साइझ तोच, मस्त बसतात." वीस काडतुसं भरूनही झाली होती, दारू जुन्याच मापाने.

"मस्त बसतात" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. खूप वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या माझ्या आधीच्या प्लांटमध्ये कॅटॅलिस्टचा, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या भुकटीचा, ड्रम दुसऱ्या पुरवठादाराकडून आला. नाव तेच, सर्टिफिकेटवर शुद्धता तीच, भुकटी मात्र जास्त बारीक. सत्तरला थांबणारं तापमान त्र्याऐंशीला गेलं, फेस व्हेंटमध्ये चढला. कुणाला काही झालं नाही. पण कूलिंगच्या व्हॉल्व्हवरचा ऑपरेटरचा घट्ट झालेला हात अजून डोळ्यांसमोर आहे. "माल तोच, फक्त कंपनी वेगळी" असं सकाळी त्या ड्रमवर सही करताना मीच म्हणाले होते.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी टिकली. घोडा आपटला की तिच्यातला जाळ दारू पेटवतो. मॅग्नमचा जाळ जास्त जोराचा आणि जास्त वेळ टिकणारा, कडाक्याच्या थंडीसाठी किंवा पेटायला जड दारूसाठी. दारू तितकीच ठेवून तो घातला तर नळीतला दाब वाढतो, आणि बंडूचं जुनं माप आधीच वरच्या टोकाजवळचं. साइझचं तर विचारूच नका. मोठ्या रायफलचा आणि मोठ्या पिस्तुलाचा प्रायमर, दोन्हींचा व्यास 0.210 इंच, उंची मात्र वेगळी. हे त्यानेच मला मागे शिकवलं होतं!

नियमही त्याला पाठ आहे. एकही भाग बदलला की माप दहा टक्के खाली आणायचं आणि पायरी पायरीने वर जायचं. "माहीत होतं गं, आज कंटाळा आला." या उत्तरावर मला रागावता आलं नाही. त्या ड्रमच्या वेळी मलाही सगळं माहीतच होतं.

मग बसला उघडायला. डोळ्यांवर गॉगल. प्लॅस्टिकच्या पोकळ हातोड्यात एकेक काडतूस अडकवायचं आणि लाकडावर ठक्क आपटायचं. तीन-चार ठोक्यांत गोळी सुटते, मागोमाग दारू सांडते. टेबलावर दारूचा एकच डबा उघडा होता, म्हणून ती परत कुठे जायची याची शंका नव्हती. प्रायमर त्याने काढले नाहीत. जिवंत प्रायमर उकरायचा धोका कशाला, तीच केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, कमी दारूने पुन्हा भरता येते. उरलेले प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायला लावले. बरणीत ओतून ठेवले आणि एक पेटला तर बाकीचे थांबत नाहीत.

पोहे गार झाले.

पुढचा रविवार

बंडूने खालून सुरुवात केली. अर्धा अर्धा ग्रेन वाढवत, प्रत्येक पायरीला दोन काडतुसं. (एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. आमच्या प्लांटमध्ये एवढं हातमोज्याला चिकटून जातं.) वेग मोजायचं यंत्र समोर, आणि उडालेली प्रत्येक केस भिंगाखाली. जुन्या मापाच्या एक ग्रेन आधीच जुना वेग आला. त्याच्या पुढच्या पायरीला प्रायमरच्या गोल कडा चपट्या झालेल्या दिसल्या, म्हणजे दाब वाढल्याची खूण, तिथेच थांबला. वरच्या मापाची दोन उरली होती, ती परत हातोड्याखाली.

आईने फोन हातात घेतला. "दारू कमी केलीस ना रे?"

"हो आई. एक ग्रेन."