दहा दिवसांचा झपताल

सॉफ्टवेअरच्या टीमची तुलना संगीताशी करायची म्हटली की उपज (ऐनवेळचं सुचणं), उत्स्फूर्तता, जुगलबंदी असले शब्द हमखास निघतात. चार जण जमले, एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या की झालं काम! प्रत्यक्ष मैफलीत उपज परवडते ती एका अत्यंत कंटाळवाण्या गोष्टीमुळे, ठेक्यामुळे. तबलजी तेच ते बोल तेवढ्याच वजनाने वाजवत राहतो, म्हणून गायकाला मात्रा (तालातले ठोके) न मोजता लांब भटकून परत येता येतं. तीन ते सहा जणांच्या टीमला संगीताकडून काही उचलायचंच असेल, तर आधी हा कंटाळवाणा भाग उचलावा. उपजेचं नंतर बघू.

दोन आठवड्यांचं आवर्तन, म्हणजे कामाचा एक पूर्ण फेरा, धरलं तर कामाचे दिवस होतात 10. झपतालाच्याही मात्रा 10. विभाग 2-3-2-3: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पहिलीवर सम (आवर्तनाची सुरुवात), तिसरीवर आणि आठवीवर टाळी, सहावीवर खाली (टाळीशिवायची जागा). आकडा जुळला हा निव्वळ योगायोग, पण कामाचा योगायोग.

पहिली गोष्ट समेची. बहुतेक टीम आवर्तनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या शुक्रवारी, रिलीज (नवी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी सोडणं) ठेवतात. तालाच्या हिशोबात हे चूक आहे. तान असो की तिहाई (तिच्याबद्दल पुढे), ती दहाव्या मात्रेवर संपत नाही. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येऊन पडते. सम हा शेवटही असतो आणि सुरुवातही. तसं पाहिलं तर रिलीजची जागा अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी. फायदा उघड आहे. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेल्या कोडमधला बग शनिवारी उगवतो, तेव्हा तो लिहिणारा जागेवर नसतो. सोमवारी सकाळी सोडलेलं काम दिवसभर सगळ्यांच्या नजरेखाली राहतं, आणि त्यातून निघालेली दुरुस्ती नव्या आवर्तनाच्या पहिल्या दोन मात्रांत बसते.

दुसरी गोष्ट खालीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खालीत ठेका थांबत नाही, डग्ग्याचा घुमार तेवढा जातो. धी ऐवजी ती. एवढ्या फरकावरून ऐकणाऱ्याला न मोजता कळतं, की अर्धं आवर्तन गेलं. टीमच्या कॅलेंडरमध्ये असा न मोजता कळणारा दिवस नसतो, म्हणून अर्धा वेळ सरल्याचं आठव्या दिवशी लक्षात येतं. सहावा दिवस, म्हणजे दुसरा सोमवार, खालीचा ठेवा. त्या दिवशी नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) उघडायची नाही. दोन दिवसांपेक्षा जुन्या ब्रँच कोणत्या, कोणतं काम अजून एकदाही चालवून पाहिलेलं नाही, कोण कोणासाठी अडून बसलंय, एवढं पाहायचं, आणि जे समेपर्यंत पोचणार नाही ते त्याच दिवशी काढून टाकायचं. याची लांबलचक मीटिंग करू नका. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. त्या दिवसाचा उरलेला वेळ नेहमीचंच काम, फक्त नवीन काही हाती न घेता.

आता तिहाई. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर. ऐकताना जादू वाटते. आत असतो साधा उलटा हिशोब. तीनतालात, म्हणजे 16 मात्रांत, ‘तिट कत गदि गन धा’ हा 5 मात्रांचा तुकडा घ्या. सम सतराव्या जागी धरायची. मध्ये दम न घेता तीनदा वाजवला तर 15 मात्रा लागतात, म्हणून तिसऱ्या मात्रेपासून उचलायचा: 3 ते 7, 8 ते 12, 13 ते 17. दोन तुकड्यांमध्ये एकेका मात्रेचा दम ठेवला तर 17 मात्रा लागतात, म्हणजे थेट समेपासून उचलावा लागतो. तुकड्याच्या लांबीची तिप्पट, अधिक दमाची दुप्पट. ही बेरीज समेच्या जागेतून वजा करून 1 मिळवला की उचलण्याची मात्रा मिळते.

हेच रिलीजला लावू. रिलीजचा संपूर्ण विधी 1 दिवसाचा, मध्ये 2 दिवसांचा दम. 3 अधिक 4 म्हणजे 7. अकरातून 7 गेले, 1 मिळवला, उत्तर 5. म्हणजे पाचव्या दिवशी पहिली फेरी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर), आठव्या दिवशी दुसरी फेरी प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या) डेटाची ओळखीच्या खुणा पुसलेली प्रत घेऊन, आणि अकराव्या दिवशी तिसरी, खरी. पहिल्या फेरीत जे मोडेल ते लगेच दुसऱ्या दिवशी, खालीत, समोर येतं. आठव्या दिवसानंतर नवं काही मिसळायचं नाही, नववा-दहावा दिवस फक्त दुरुस्तीचा.

तिहाई फसते ती दोन कारणांनी. एक, तिन्ही तुकडे सारखे नसतात. पहिल्या फेरीत कोणीतरी सर्व्हरवर हाताने एखादं सेटिंग बदलतो, काम चालतं, आणि बदल स्क्रिप्टमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत) लिहायचा राहतो. दुसऱ्या फेरीत तोच माणूस असला तर तो पुन्हा हातानेच करतो. तिसरीला तो रजेवर असतो. म्हणून नियम एकच: बदल करायचा तर स्क्रिप्टमध्ये, आणि तिन्ही फेऱ्या वेगवेगळ्या माणसांनी चालवायच्या. दुसरं कारण, हिशोब चुकल्याचं मध्यावर कळतं आणि मग शेवटचा तुकडा ताणून किंवा घाईने कोंबून समेवर आणला जातो. समोरच्या रसिकांना हे लगेच ऐकू येतं. जाणता वादक अशा वेळी लय वाढवत नाही, लहान तुकडा निवडतो. आठव्या दिवशीची फेरी अडखळली तर जे फीचर अडखळतंय त्याचा फ्लॅग (चालू-बंद करायची कळ) बंद ठेवून बाकीचं समेवर न्या. सम हलवू नका. सम एकदा हलली की पुढच्या प्रत्येक आवर्तनात ‘या वेळी जरा दोन दिवस’ सुरू होतं, आणि मग कोणीच तिच्यावर विसंबून काम आखत नाही.

तबल्याच्या स्वतंत्र वादनात भूमिका उलटतात. तिथे संवादिनी किंवा सारंगी लेहरा धरते, आवर्तनाएवढी एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा, आणि तबलजी त्यावर कायदे, रेले, गती अशा रचना मांडतो. लेहरा धरणाऱ्याने स्वतःची कारागिरी दाखवायला सुरुवात केली की तबलजीची सम हरवते. रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) लेहऱ्याचं काम मेन ब्रँच, म्हणजे सगळ्यांची मुख्य शाखा, करते. ती कायम हिरवी (सगळ्या टेस्ट पास) आणि कायम डिप्लॉय करण्याजोगी (सर्व्हरवर चढवण्याजोगी) असली पाहिजे, आणि तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. मेनवरच्या टेस्ट लाल झाल्या की बाकी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. पंधरा मिनिटांत कारण सापडलं तर दुरुस्ती. नाही सापडलं तर ज्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) टेस्ट लाल झाल्या तो उलटवायचा आणि शोध आपल्या ब्रँचवर सुरू ठेवायचा. कमिट उलटवणं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान नव्हे, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, नाहीतर संकोचापोटी अर्धा दिवस जातो.

लेहरा कंटाळवाणा असतो, म्हणून मेन सांभाळणारा माणूस दर आवर्तनाला बदला. त्या दोन आठवड्यांत त्याच्याकडे मोठं काम द्यायचं नाही: बिल्डकडे लक्ष, अधूनमधून आपोआप पडणाऱ्या टेस्टचा छडा, लायब्ररींची अद्ययावत आवृत्ती, आलेल्या तक्रारींची विल्हेवाट. अशा कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट नुसत्या पुन्हा चालवून हिरव्या करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याने लाल रंगाचं वजनच जातं, आणि खरा बग आला तरी लोक बटण दाबून पुन्हा चालवतात.

सुरात लावण्याकडे वळू. 440 आणि 442 हर्ट्झचे दोन स्वर वेगवेगळे ऐकवले तर फरक ओळखू येणं कठीण. एकत्र वाजवा, सेकंदाला 2 वेळा आवाज फुगताना आणि ओसरताना ऐकू येतो. म्हणजे बेसूरपणा एका वाद्यात नसतो, दोघांच्या मध्ये असतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ ही तक्रार नेमकी अशीच. नेहमीचं उदाहरण: फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू होतं, कोडमध्ये ते स्मॉल अक्षराने लिहिलंय. मॅकवर साधारणपणे लहान-मोठ्या अक्षरांत भेद होत नाही, म्हणून चालतं. लिनक्सच्या सर्व्हरवर फाइल सापडत नाही. दोन्ही मशीन आपापल्या जागी सुरातच आहेत.

उपाय मैफलीतलाच. सगळ्यांनी तानपुऱ्याला लावून घ्यायचं, एकमेकांना नाही. तबला संवादिनीला, सारंगी तबल्याला असं लावत गेलं तर प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक साठते. टीममध्ये तानपुरा म्हणजे सीआयचं मशीन, प्रत्येक बदल आपोआप तपासणारं. भाषेची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, टाइमझोन आणि लॉकफाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) सीआयवर आहे तीच प्रत्येकाच्या लॅपटॉपवर, आणि ती एका फाइलीत लिहिलेली, तोंडी सांगितलेली नव्हे. शिवाय तानपुरा रागाप्रमाणे लावतात: मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवतात. प्रोजेक्ट बदलला की तार बदलते. मागच्या प्रोजेक्टची संरचना जशीच्या तशी उचलून आणणारे मालकंसात पंचम छेडत असतात, आणि मग दिवसभर काहीतरी खटकतंय म्हणून शोधत बसतात.

उशिराचं गणितही संगीतात फार स्वच्छ दिसतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 10 मीटरवर बसलेल्याचा ठोका साधारण 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोघं एकमेकांचं ऐकून वाजवत असतील तर 25-30 मिलिसेकंदांच्या पुढे लय हळूहळू पडायला लागते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या उशिराला थांबतो आणि तो दुसरा याच्या थांबण्याला. कोणी आळशी नसतो, तरी लय पडते. पुल रिक्वेस्टचं (आपला बदल मेनमध्ये घ्या, या विनंतीचं) असंच होतं. रिव्ह्यू (सहकाऱ्याची तपासणी) दीड दिवसाने मिळतो, म्हणून लोक एकाच रिक्वेस्टमध्ये जास्त भरतात. ती मोठी दिसते, म्हणून रिव्ह्यू आणखी लांबतो. उपाय म्हणजे एकमेकांची वाट पाहण्याऐवजी सामायिक घड्याळ: रोज दोन ठरलेल्या वेळा, सकाळी काम सुरू करण्याआधी आणि जेवणानंतर लगेच, प्रत्येकाने आधी रिव्ह्यू करायचे. रिक्वेस्ट साधारण 200 ओळींच्या आत. त्याहून मोठी झाली तर रिव्ह्यू लेखी न करता शेजारी बसून करा. संवादिनीची साथ जशी असते तशी: गायकाच्या मागे, त्याने श्वास घेतला की जागा भरायची, तो गात असताना पुढे पळायचं नाही. सल्ल्यांचा मारा करणारा जोडीदार साथ करत नसतो, स्वतःची मैफल लावत असतो.

रेकॉर्डिंगवाल्यांकडून दोन लहान सवयी घ्याव्यात. नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही कमाल पातळी, तिच्या वर काही नसतं. तिथे लाट कापली जाते आणि नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजही उणे 12 ते उणे 6 च्या आसपास ठेवतात. टीमचे तास शंभर टक्के आखणं म्हणजे शून्यावर रेकॉर्ड करणं. रांगेच्या साध्या गणितात, कामं अनियमित येत असतील तर 50 टक्के भाराला सरासरी वाट पाहणं एका कामाएवढं असतं, 80 टक्क्यांना चार कामांएवढं, 90 ला नऊ. सत्तरच्या वर आखू नये. दुसरी सवय सोलो बटणाची: एकटा ट्रॅक ऐकून तो सुंदर करत बसलात तर मिक्समध्ये तो बाकीच्यांवर चढतो. युनिट टेस्ट (एकेका सुट्या भागाच्या चाचण्या) जरूर लिहा, पण निर्णय सगळं एकत्र वाजताना घ्या. आणि अधूनमधून म्यूट बटण दाबून पाहा. एखादं फीचर स्टेजिंगवर आठवडाभर बंद ठेवलं आणि कोणालाच पत्ता लागला नाही, तर ते कोड काढायच्या यादीत जातं.

एका ठिकाणी मात्र ही तुलना मोडते, आणि तिथे ती ओढू नये. मैफलीत लागलेला कणसूर हवेत विरतो. कोडमधला बेसूर कमिट राहतो, त्यावर दुसरे लोक बांधकाम करतात. म्हणून ‘चूक झाली तरी पुढे चला’ हा मंचावरचा नियम डेटाबेसला लावायचा नाही. कॉलमचं नाव बदलायचं असेल तर एका आवर्तनात नवा कॉलम जोडा आणि दोन्हीकडे लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्याकडे वळवा. जुना कॉलम पुढच्या समेनंतरच काढा. एका झटक्यात बदललात तर रोलबॅक करताना (मागच्या आवृत्तीवर परतताना) जुना कोड जुनं नाव शोधतो आणि ते जागेवर नसतं.

रोलबॅकला रियाजही लागतो. अवघड तान कोणी द्रुत लयीत बसवत नाही. आधी विलंबित: एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती हाताने करायची, तिसऱ्याने घड्याळ लावून वेळ लिहायचा. अडलेली पायरी तेवढीच सुटी काढून चार-पाचदा. मग बरोबरीच्या लयीत न थांबता संपूर्ण. सलग तीनदा बिनचूक झालं की त्या पायऱ्यांची स्क्रिप्ट करायची, आधी नाही, कारण न बसलेल्या तानेची स्क्रिप्ट केली तर चूकच दुपटीने वाजते. बॅकअपवरून डेटाबेस उभा करण्याचंही तसंच: दर तिसऱ्या आवर्तनात एकदा, रिकाम्या मशीनवर. लागलेली मिनिटं, टेबलांमधल्या ओळींची संख्या आणि शेवटच्या नोंदीची वेळ कागदावर लिहून ठेवा. बहुतेकदा पहिल्या फेरीत अडतं ते पासवर्डापाशी. बॅकअप कुलूपबंद, आणि किल्ली जो सर्व्हर गेलाय असं धरलंय, त्याच्यावरच.